चोवीस दारं, एक चाक आणि चेरीची फांदी

१८३९ सालचा हिवाळा. जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहराच्या वेशीबाहेर ‘राउहेस हाउस’ नावाची एक संस्था होती. योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मशास्त्रज्ञाने ती सहा वर्षांपूर्वी सुरू केली होती. शहराच्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत वाऱ्यावर वाढणारी मुलं तिथे राहायची, शिकायची, काम करायची. डिसेंबर आला की या मुलांचा एकच धोशा असायचा. नाताळ कधी? उद्या आहे का? अजून किती दिवस?

विखर्न यांनी मग एका जुन्या गाडीचं लाकडी चाक आणून वर टांगलं. त्याच्या धावेवर मेणबत्त्या बसवल्या, वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारी एक मोठी पांढरी मेणबत्ती पेटली. सोमवारी तिच्या शेजारी एक छोटी लाल. मंगळवारी आणखी एक. पुढचा रविवार आला की पुन्हा पांढरी. आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. मान वर करून न पेटलेल्या वाती मोजल्या की झालं. आज जगभरच्या चर्चमध्ये आणि घरांत चार मेणबत्त्यांचं जे हिरवं कडं दिसतं, त्याचा उगम या चाकात आहे. चाकाला सदाहरित फांद्या गुंडाळायची पद्धत नंतर आली. वीस छोट्या मेणबत्त्या हळूहळू गळून गेल्या आणि रविवारच्या चार तेवढ्या राहिल्या.

वीस आणि चार, चोवीस. हा आकडा मला फार दिवस नुसता सोयीचा वाटत होता. पण १८३९चं कॅलेंडर मांडून पाहिलं की गंमत कळते. त्या वर्षी २५ डिसेंबरला बुधवार होता. आगमनकाळ सुरू होतो नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी बरोबर १ डिसेंबरला. १ ते २४ डिसेंबर या दिवसांत चार रविवार आणि वीस इतर वार. चाकावरच्या मेणबत्त्यांचा हिशेब असा तंतोतंत जुळतो. दुसऱ्या एखाद्या वर्षी तो जुळला नसता, कारण हा काळ दर वर्षी कमीजास्त होतो. तो लवकरात लवकर २७ नोव्हेंबरला सुरू होतो आणि उशिरात उशिरा ३ डिसेंबरला. २०२२ साली नाताळ रविवारी आला, त्यामुळे आगमनकाळ पुरा अठ्ठावीस दिवसांचा झाला. लगेच पुढच्या वर्षी नाताळ सोमवारी आला आणि काळ आक्रसून बावीस दिवसांवर आला. चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी पडली. सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री येशूचा जन्म.

या चाकाची खरी जादू कळायला हाम्बुर्ग नकाशावर कुठे आहे ते पाहावं लागतं. ५३ अंश उत्तरेच्याही वर. तिथे डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. पुण्यात ऐन डिसेंबरातही जवळपास अकरा तासांचा दिवस मिळतो, तिथे जेमतेम साडेसात तासांचा. आणि १ डिसेंबरपासून अयनदिनापर्यंत हा दिवस रोज थोडा थोडा लहान होत जातो. म्हणजे बाहेर उजेड रोज घटतोय आणि नेमक्या त्याच दिवसांत आत, डोक्यावरच्या चाकावर, उजेड रोज एका ज्योतीने वाढतोय. वर्षातल्या सर्वांत काळ्या आठवड्यात चाक जवळजवळ पूर्ण पेटलेलं. त्या मुलांना खगोलशास्त्र कुणी शिकवलं नसेल, पण अंधार आणि उजेड यांची ही उलटी चाल त्यांनी मान वर करून रोज पाहिली.

लहान मुलांना दिवस मोजून दाखवावे लागतात, याला भक्कम कारण आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘काल’ म्हणजे होऊन गेलेलं आणि ‘उद्या’ म्हणजे व्हायचं असलेलं, एवढं कळू लागतं. पण किती होऊन गेलं, किती व्हायचं आहे, हे अंतर त्याच्या हाताला लागत नाही. मागच्या दिवाळीतली गोष्ट ते बिनदिक्कत ‘काल’ म्हणून सांगतं. पुढच्या आठवड्याला आणि पुढच्या महिन्याला त्याच्या मनात वेगवेगळी जागा नसते. ती जागा सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू तयार होते. अशा मुलाला ‘अजून सतरा दिवस’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. सतरा वाती दाखवल्या तर मात्र सांगितल्यासारखं होतं.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन आणि शेजारच्या देशांतल्या घरांनी दिवस दाखवण्याच्या किती तऱ्हा शोधल्या, ते पाहून मी थक्क होते. सर्वांत साधी तऱ्हा खडूची. दारावर किंवा भिंतीवर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि मुलांनी रोज एक पुसायची. इथे दिवस कमी होताना दिसतात. दुसऱ्या घरात भिंतीवर रोज एक चित्र लागायचं. इथे दिवस साठताना दिसतात. ऑस्ट्रियात ‘स्वर्गाची शिडी’ असायची. बाळ येशू तिच्यावरून रोज एक पायरी खाली उतरायचा, म्हणजे दिवसाला उंची मिळाली. डेन्मार्कमध्ये आता एकाच उंच मेणबत्तीवर १ ते २४ आकडे छापलेले असतात. रोज एका आकड्यापुरती ती जाळायची आणि फुंकर मारून विझवायची. इथे दिवस जळतो, आणि लक्ष नसेल तर उद्याचा दिवसही जळून जातो. त्यामुळे घरातलं धाकटं मूल मेणबत्तीवर डोळे लावून बसलेलं असतं.

कॅथलिक घरांतली गव्हाणीची रीत मला या सगळ्यांत खोल वाटते. पहिल्या दिवशी लाकडी गव्हाण रिकामी ठेवतात. मुलाने दिवसभरात एखादं चांगलं काम केलं, भावंडाला खेळणं दिलं, आजीचं काही काम केलं, न सांगता पसारा आवरला, की त्याने गवताची एक काडी गव्हाणीत ठेवायची. चोवीस तारखेला येणाऱ्या बाळाचं अंथरूण किती मऊ होणार, ते मुलांच्या वागण्यावर अवलंबून. सगळ्यांच्या काड्या एकाच ढिगात पडतात. कुणाची कोणती, हे दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. त्यामुळे भावंडांत चढाओढ लागायला जागाच उरत नाही. एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने मुद्दाम योजावी इतकी ही युक्ती शहाणी आहे, आणि ती घराघरांतून आलेली आहे.

यातल्या काही गोष्टी पुढे कागदावर उतरल्या. घरी केलेलं असं सर्वांत जुनं ज्ञात कॅलेंडर १८५१चं मानतात. टॉमस मान यांच्या १९०१ सालच्या ‘बुडेनब्रुक्स’ या कादंबरीत छोटा हानो असंच कॅलेंडर वापरतो. त्याची दाई ते हाताने करून देते, रोज एक पान फाडायचं आणि शेवटच्या पानावर नाताळचं झाड. छापील कॅलेंडरची कहाणी मात्र एका आईपासून सुरू होते.

गेरहार्ड लांग यांचा जन्म १८८१ साली माउलब्रॉन गावात, धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणी नाताळ कधी येतो म्हणून ते आईच्या मागे लागायचे. आईने एका पुठ्ठ्यावर ‘विबेले’ नावाची टिचभर बिस्किटं टाचून दिली, चोवीस बिस्किटं. १ डिसेंबरपासून रोज एक काढून खायचं. मुलगा मोठा झाला, म्युनिकमध्ये छपाईच्या धंद्यात शिरला आणि त्याने आईचा पुठ्ठा छापायला घेतला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या त्या कॅलेंडरमध्ये दोन कागद होते. एकावर चोवीस चौकटी आणि प्रत्येकीत छोटी कविता. दुसऱ्यावर चोवीस रंगीत चित्रं. रोज एक चित्र कात्रीने कापायचं आणि त्या दिवसाच्या कवितेवर चिकटवायचं. चित्रं रिखार्ड अर्न्स्ट केप्लर यांनी काढली होती आणि ‘बाळ येशूच्या देशात’ असं त्या कॅलेंडरचं नाव होतं. स्टुटगार्टच्या एका वर्तमानपत्राने ते आपल्या वाचकांना भेट दिलं.

उघडणारी दारं थोडी नंतर, पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत आली. हे दार नीट पाहण्यासारखं असतं. कॅलेंडर म्हणजे एकावर एक चिकटवलेले दोन कागद. वरच्या जाड कागदावर बर्फातलं गाव, घरं, खिडक्या. छापल्यानंतर त्यावर धारदार पट्ट्यांचा ठसा दाबतात. तो तीन बाजू कापतो आणि चौथी बाजू नुसती घडीपुरती दाबतो. ती झाली बिजागरी. कापलेल्या बाजूंवर मध्येमध्ये केसाएवढे न कापलेले टाके ठेवतात, म्हणून दार आपसूक उघडत नाही. नखाने उचलावं लागतं, आणि टाके तुटताना बारीक ‘टक्’ असा आवाज होतो. मागच्या पातळ कागदावरची चोवीस चित्रं दारांच्या अगदी मागे यायला हवीत. छपाई थोडी सरकली तरी सातव्या दारामागे सहाव्याची शेपटी दिसते. कित्येक कॅलेंडरांत मागचा कागद इतका पातळ असतो की मागे दिवा धरला की उघडलेली खिडकी उजळते, जणू त्या घरात आत्ता कुणी दिवा लावला. आकडेही ओळीने नसतात. १ एका छपरावर, २ दूरच्या झाडावर, १३ एखाद्या कुत्र्याच्या घरावर. आकडे नुकते ओळखू लागलेल्या मुलाला रोज सकाळी चित्रभर शोध घ्यावा लागतो आणि त्या शोधात त्याचे आकडे पक्के होतात. चोविसावं दार बहुतेक वेळा सर्वांत मोठं आणि दोन पाखांचं असतं. त्यामागे गोठा.

पण चोवीसच का? नाताळ तर पंचवीसला. उत्तर जर्मन घरांत आहे. तिथे भेटी मिळतात त्या २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्या दिवशी झाडाची खोली मुलांसाठी बंद असते, कित्येक घरांत कुलूप लावून. आत आईवडील झाड सजवतात, दिवे लावतात, भेटी मांडतात. मुलं दाराच्या फटीला डोळा लावतात. अंधार पडला की आतून छोटी घंटा वाजते आणि दार उघडतं. कागदी दारांची सगळी रांग या खऱ्या दाराशी येऊन थांबते. कॅलेंडर छापणाऱ्यांनीही १ डिसेंबर हीच सुरुवात कायमची धरली, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार कधीही पडो, तोच ठसा दर वर्षी चालतो.

दुसऱ्या महायुद्धाने हा धंदा मोडला. कागद मिळेना. लांग यांचं प्रकाशन त्याआधीच बंद पडत आलं होतं. नाझी पक्षाने स्वतःचं ‘नाताळपूर्व’ कॅलेंडर काढलं आणि त्यातून येशूजन्माची चित्रं गाळून टाकली. मुलांच्या दिवस मोजण्याच्या खेळावरही सत्तेला ताबा हवासा वाटला, हे वाचताना अंगावर काटा येतो. १९४६ साली, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या स्टुटगार्टमध्ये रिखार्ड झेल्मर यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांकडून परवाना आणि कागद मिळवला आणि एक कॅलेंडर छापलं. त्याचं नाव ‘छोटं गाव’. ढिगाऱ्यांच्या शहरात छापलेलं ते चित्र होतं शाबूत घरांचं, प्रत्येक खिडकीत उजेड असलेलं. १९५०च्या दशकात अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचा असं कॅलेंडर हाती घेतलेला फोटो प्रसिद्ध झाला आणि अमेरिकी घरांना या खेळाची गोडी लागली. स्टुटगार्ट १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. आता कामानिमित्त त्या भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही बालवाडीतून ही दारं घरी आणतात आणि आईबाबांना १३ कुठे आहे ते शोधायला लावतात.

दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या गेंगेनबाख गावाने तर नगरपालिकेच्या इमारतीचंच कॅलेंडर केलं. इमारतीच्या दर्शनी भागाला खिडक्यांच्या दोन रांगा, प्रत्येकीत अकरा, आणि वर छपरात आणखी दोन. बेरीज बरोबर चोवीस! १९९६पासून तिथे डिसेंबरात रोज संध्याकाळी एक खिडकी उघडते आणि आतलं चित्र उजळतं. ही इमारत अठराव्या शतकातली. बांधणाऱ्यांना कॅलेंडरची कल्पनाही नव्हती. दोनशे वर्षं त्या खिडक्या चोवीसच होत्या आणि कुणीतरी एके दिवशी त्या मोजल्या.

चॉकलेटचं काय? दाराआड चॉकलेट असलेली कॅलेंडरं आज सर्वांत जास्त खपतात आणि ‘मुलांना चटक लावली’ अशी तक्रारही होते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेले प्रयोग बऱ्याच जणांना ठाऊक असतात. आत्ता थोडा खाऊ घे, किंवा मी येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. एबे एबेसन यांच्यासोबत १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली एक बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. खाऊ समोर उघडा ठेवला तेव्हा मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. तोच खाऊ नजरेआड केला तेव्हा ती अकरा मिनिटांच्या आसपास थांबली. मुलं तशीच, खाऊ तोच. फरक फक्त दिसण्या-न दिसण्याचा. कॅलेंडरचं कागदी दार हेच तर करतं. उद्याचं चॉकलेट तिथेच, बोटभर अंतरावर आहे, पण दिसत नाही, म्हणून थांबता येतं.

त्याहून मोलाचा प्रयोग अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची अठ्ठावीस मुलं घेतली. आधी प्रत्येक मुलाला चित्रासाठी जुनेपाने खडू दिले आणि सांगितलं, जरा थांब, छान नवे रंग आणते. निम्म्या मुलांना खरंच नवे रंग मिळाले. उरलेल्यांना ‘माफ कर, नाहीयेत’ असं सांगितलं. मग तोच प्रकार स्टिकरांचा. आणि मग मिशेल यांच्यासारखीच थांबण्याची परीक्षा, मार्शमेलोची. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती तीन मिनिटं. म्हणजे थांबणं हा केवळ मुलाचा गुण नव्हे. समोरच्या मोठ्या माणसाचा शब्द किती खरा ठरतो, याचा तो हिशेब आहे. मूल तो हिशेब अचूक करतं.

आता चोवीस दारांकडे पुन्हा पाहा. पहिल्या दिवशी मुलाला सांगितलं जातं, आज एकच, उद्या दुसरं. दुसऱ्या दिवशी दुसरं दार खरंच उघडतं, आत खरंच काहीतरी असतं. तिसऱ्या दिवशीही. एकेक करून चोवीस वेळा घर आपला शब्द पाळतं. विखर्न यांच्या चाकाखाली उभी असलेली ती मुलं आठवा. त्यांच्या आयुष्यात शब्द पाळणारी मोठी माणसं फार थोडी आली होती. त्यांच्या डोक्यावर रोज न चुकता एक वात पेटत होती.

या सगळ्यांत माझी लाडकी रीत फांदीची आहे. ४ डिसेंबर हा संत बार्बारा यांचा सण. या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रियात चेरीच्या झाडाची फांदी कापून घरात पाण्यात ठेवतात. दंतकथा अशी की बार्बाराला तुरुंगात नेताना तिच्या कपड्यात एक फांदी अडकली. तिने आपल्या पेल्यातलं पाणी तिला पाजलं आणि तिच्या मृत्यूच्या दिवशी ती फुलली. घरातली फांदीही जमलं तर नाताळच्या सुमारास फुलते. बाहेर बर्फ आणि टेबलावर पांढरी फुलं.

ही काळी, निष्पर्ण काटकी कापता तेव्हा फूल तिच्यात आधीच असतं. चेरीची फुलं घडू लागतात ती आदल्या उन्हाळ्यात. फळं उतरल्यावर पानांच्या बगलेत जे डोळे धरतात, त्यांच्यात शरद ऋतूपर्यंत पाकळ्या, पुंकेसर, बीजकोश यांची सुरुवात झालेली असते. धारदार पात्याने असा डोळा उभा चिरला आणि भिंगाखाली धरला तर तपकिरी खवल्यांच्या आत ती फिकट हिरवी दाटी दिसते. मग ते उमलत का नाही? कारण झाड त्याला कोंडून ठेवतं. स्वीडनमधल्या उमिओ इथल्या संशोधकांनी २०१८ साली आस्पेन झाडांत दाखवलं की एका संप्रेरकाच्या प्रभावाने अंकुरातल्या पेशी आपसातल्या सूक्ष्म वाटा बुजवून टाकतात. वाढीचा निरोप पेशीपेशींतून पुढे जात नाही. लांबलेल्या थंडीत या वाटा पुन्हा मोकळ्या होतात. चेरीला गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या थंडीचे शेकडो तास लागतात, काही जातींना हजाराहून जास्त. ते तास झाड कुठेतरी जमा करत राहतं. पुरेसे जमले की मगच ऊब मिळाल्यावर ते जागं होतं. डिसेंबरातल्या एखाद्या उबदार दुपारी फसून फूल उघडलं तर रात्रीच्या हिमाने ते मरेल. म्हणून झाड नुसत्या उबेवर विश्वास ठेवत नाही, आधी थंडी मोजून घेतं.

म्हणजे फांदीही दिवस मोजतेच आहे! खडूच्या रेघांशिवाय, आकड्यांशिवाय.

आपल्याकडे आंबाही थंडीची वाट पाहतो, पण त्याची तऱ्हा निराळी. कोकणात डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री लागल्या की मोहोर येतो. आंब्याच्या डोळ्यात फूल आधीपासून घडी घालून ठेवलेलं नसतं. फुटव्यातून पालवी येणार की मोहोर, हा निर्णयच थंडी करते. चेरीचं फूल ठरलेलं आणि थांबलेलं असतं. आंब्याचं ठरायचंच असतं. त्यामुळे मुंबई-पुण्यात ४ डिसेंबरला आंब्याची डहाळी तोडून पाण्यात ठेवून काही मिळणार नाही. जर्मनीतही हिवाळा मऊ गेला तर चेरी रुसते. तेव्हा लोक फांदी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, मग कोमट पाण्यात बुडवतात, देठ तिरपा कापतात आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. तरी ती फुलेलच असं नाही. मुलाने हे पाहणंही गरजेचं आहे. कागदी दार नेमाने उघडतं, जिवंत डोळा स्वतःच्या वेळेने.

मोरेव्हियन पंथाच्या मुलांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा छोटासा प्रॉटेस्टंट पंथ मिशनरींना ग्रीनलंड, लाब्राडोर, सुरिनाम अशा दूरच्या ठिकाणी पाठवायचा. त्यांच्या मुलांना मात्र शिक्षणासाठी जर्मनीत, वसतिगृहांत मागे ठेवायचा. कित्येकांना आईवडील वर्षानुवर्षं दिसायचे नाहीत. नीस्की गावच्या त्यांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासाला कागदाचे तारे करायची प्रथा पडली. चौरस आणि त्रिकोणी पायांचे पिरॅमिड करायचे आणि एका बहुफलकाच्या बाजूंवर बसवायचे. या घनाला सव्वीस बाजू असतात, अठरा चौरस आणि आठ त्रिकोण. वरची एक बाजू टांगण्यासाठी मोकळी सोडली की पंचवीस टोकांचा तारा तयार होतो. आत दिवा. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुलं असे तारे बांधायची. घर हजारो मैलांवर असलेली मुलं कोनमापकाने कोन मोजत बसलेली, आणि कोन चुकला तर टोकं जुळत नाहीत. आजही हे ‘हेर्नहुट तारे’ हाताने तयार होतात आणि कित्येक घरांत ते सगळ्यांनी मिळून जोडण्याची संध्याकाळ ठरलेली असते.

मराठीला आगमनकाळ नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात येशूचं चरित्र आहे. पहिला भाग मात्र सगळाच्या सगळा त्याच्या येण्याआधीचा आहे, सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत. तारणारा येणार, येणार, म्हणत पिढ्यांमागून पिढ्या वाट पाहतात. मराठी ओव्यांतून एवढी प्रदीर्घ प्रतीक्षा सांगून मगच कवी गव्हाणीपाशी येतो. वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या (पूर्वीचं अहमदनगर) मराठी ख्रिस्ती घरांतही या चार आठवड्यांत जांभळ्या मेणबत्त्या पेटतात आणि तिसऱ्या रविवारी कॅथलिक कड्यात एक गुलाबी. तो आनंदाचा रविवार, अर्ध्याहून जास्त वाट सरल्याचा.

आणि गव्हाणीपुढची शेतं. गोव्यात आणि मुंबई-वसईकडच्या कित्येक घरांत गोठ्याच्या देखाव्यासाठी उथळ ताटल्यांत नाचणी किंवा गहू पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत मेंढ्यांना उभं राहायला हिरवं कुरण तयार होतं. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्येही ४ डिसेंबरला, त्याच बार्बाराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात आणि नाताळच्या मेजावर ठेवतात. घटस्थापनेला माती आणि धान्य हाताळलेल्या आपल्या कुणालाही यात शिकवायचं काही नाही. फक्त मोजणी उलटी करायची. चोवीस तारखेपासून मागे यायचं. थंडीत गव्हाला बोटभर उंच व्हायला दहा-बारा दिवस धरावेत, नाचणीला थोडे जास्तच, कारण तिची पाती बारीक आणि सुरुवात मंद. म्हणजे नाचणी १० तारखेच्या आसपास, गहू १२-१३ला. दाणे रात्रभर भिजवायचे, ताटलीत मातीचा किंवा ओल्या कापसाचा पातळ थर, त्यावर दाणे दाट पसरायचे आणि मोड येईपर्यंत झाकून ठेवायचं. झाकण काढल्यावर कोंब पिवळे दिसतील. उजेडात ठेवले की दिवसा-दोन दिवसांत हिरवे होतात आणि खिडकीकडे झुकतात. ताटली रोज फिरवायची. पाणी ओतलं तर बी कुजतं, म्हणून शिंपडायचं, आणि हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाचं. शेजारी एक पट्टी उभी रोवून ठेवली तर रोजची उंची त्याला स्वतःच वाचता येते.